आर्वीच्या तबकडीपासून रिमोटच्या बटणापर्यंत : आपल्या टीव्हीची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. रात्री जेवणं झाली की सवडीने वाचा.

गेल्या आठवड्यात मेहुण्याला टीव्ही घ्यायचा होता म्हणून त्याच्याबरोबर नारायणगावला गेलो. टीव्ही चांगला होता, त्रेचाळीस इंची. रिमोट हातात घेतला तर खालच्या बाजूला चार रंगीत बटणं, चारही ओटीटी कंपन्यांची. एक दाबलं की थेट त्यांच्या दुकानात. मी दुकानातल्या मुलाला विचारलं, सह्याद्री वाहिनी कुठे लागेल? तो म्हणाला, "सर, ते शोधावं लागेल." मेहुणा हसला. "दाजी, सह्याद्री आता बघतं कोण?"

त्याचा प्रश्न चुकीचा नाही. पण कोण बघतं हा एक प्रश्न झाला आणि बघायचं ठरवलं तर सापडतं का, हा दुसरा. रिमोटवरच्या बटणाची जागा पैसे मोजून मिळते. ज्याच्याकडे पैसा त्याचं बटण. एके काळी आपल्या पडद्यावर काय असलंच पाहिजे हे पैशापलीकडच्या काही गोष्टींनी ठरायचं. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या जुन्नर-आंबेगावात घडल्या आहेत, म्हणून हा सगळा प्रपंच.

सुरुवात आर्वीपासून करू. नारायणगावजवळच्या आपल्या आर्वीत १९७१ साली भारतातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. सुमारे तीस मीटर व्यासाची तबकडी, हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे तोंड करून. परदेशी फोन, तार आणि दूरचित्रवाणीचे संदेश या तबकडीतून देशात येऊ-जाऊ लागले. ते उभारण्यात अहमदाबादच्या भारतीय अभियंत्यांचा मोठा वाटा होता. विक्रम साराभाई त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला गेले आणि केंद्राला 'विक्रम' हे नाव मिळालं. उपग्रहाचा उपयोग आधी खेड्यातल्या माणसाला शिकवण्यासाठी करायचा, टीव्ही शहरातून खेड्याकडे न जाता थेट खेड्यात उतरवायचा, हे साराभाईंचं स्वप्न. ते १९७५-७६ मध्ये 'साइट' या प्रयोगात उतरलं. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सामुदायिक टीव्ही संच बसवले आणि अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे जगाची चित्रं आपल्या बांधावर उतरत होती आणि आपल्या चावडीत संच नव्हता.

आपल्याकडे टीव्ही आला तो नेहमीच्या वाटेने, मुंबई-पुण्याहून. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावर पुण्यासाठी सहक्षेपण केंद्र झालं. सिंहगड ते जुन्नर, मध्ये डोंगरांच्या रांगा. त्यामुळे इकडे टीव्ही म्हणजे आधी बांबू. वीस-पंचवीस फुटी बांबूवर ॲल्युमिनियमची अँटेना, तिच्यावर बूस्टर, आणि एक पोरगा कायमचा पत्र्यावर. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" हा संवाद चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या कानात असणार. पुढे खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या उभ्या राहिल्या. पुण्या-मुंबईच्या लहरींचा गोंगाट डोंगरांमुळे इथे कमी पोचतो, हे ती जागा निवडण्यामागचं एक कारण. ज्या डोंगरांना आम्ही टीव्ही दिसत नाही म्हणून शिव्या घालत होतो, त्याच डोंगरांनी गोविंद स्वरूप यांना आपल्या तालुक्यात आणलं!

१९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं तेव्हा मी पहिली-दुसरीत होतो. आमच्या आळीत एकच संच, काळा-पांढरा. रविवारी सकाळी वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडायची. ओटा भरून लोक रस्त्यापर्यंत. हे सगळीकडेच झालं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

त्या काळाचं गुणगान करायला मात्र मी बसलेलो नाही. सरकारी दूरदर्शनवर सरकारला नको ते दिसत नव्हतं. मुंबई केंद्र हे बरंचसं मुंबई-पुण्याच्या पांढरपेशा घरांचं केंद्र होतं. 'चिमणराव गुंड्याभाऊ' आम्हाला आवडलं, पण ती घरं आमची नव्हती. 'आमची माती आमची माणसं' मात्र आमचं होतं. द्राक्षाच्या छाटणीवर बोलणारा माणूस टीव्हीत दिसतो, हे इकडच्या शेतकऱ्याला फार मोठं वाटायचं. माझे वडील बातम्या चुकवतील पण तो कार्यक्रम नाही. मराठीत, फुकट, आणि मुंबईतल्या कारखानदारापासून आणे-माळशेजच्या पट्ट्यातल्या मजुरापर्यंत सगळ्यांना सारखं. एवढंच त्याचं मोठेपण, आणि ते कमी नव्हतं.

त्यातलं राहिलं किती? टेप महाग असायच्या, त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा कार्यक्रम घ्यायची पद्धत होती. फक्त आपल्याकडे नाही. लंडनच्या बीबीसीनेही सत्तरच्या दशकात आपल्या गाजलेल्या मालिकांच्या टेप अशाच पुसल्या. आपल्या घरातल्या पहिल्या मराठी टीव्हीचा मोठा भाग असा गेला. त्याला ना आग लागली ना चोर आला. काटकसरीत गेला.

मग आभाळ उघडलं. १९९१ चं आखाती युद्ध, स्टार टीव्ही, १९९२ ला झी. तारा गच्चीवरून गच्चीवर गेल्या. हिंदी आणि इंग्रजीचा पूर आला. मराठीत दूरदर्शनची उपग्रह वाहिनी १९९४ ला आली, २००० साली तिला 'सह्याद्री' हे नाव मिळालं. मोठी खाजगी मराठी वाहिनी म्हणजे अल्फा मराठी यायला १९९९ चा १५ ऑगस्ट उजाडला, ईटीव्ही मराठी २००० मध्ये. झी हिंदी आणि अल्फा मराठी यांच्यात सात वर्षांचं अंतर. बाजाराला मराठी घर दिसायला एवढा वेळ लागतो, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

याच काळात दिल्लीत दोन गोष्टी झाल्या. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. निमित्त होतं क्रिकेटच्या प्रक्षेपण हक्कांच्या भांडणाचं. आणि त्याच वर्षी केबल टीव्हीचा कायदा आला. त्यातलं आठवं कलम माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात कमी बोललं गेलेलं कलम आहे. २००० च्या दुरुस्तीनंतर त्याचा अर्थ साधा : केबलवाला कितीही परदेशी वाहिन्या दाखवो, दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या आणि त्या राज्याच्या भाषेतली एक वाहिनी त्याने दाखवलीच पाहिजे, तीही मुख्य पट्ट्यात, म्हणजे कोणत्याही टीव्हीवर सहज लागेल अशा जागी. दाखवलं नाही तर यंत्रसामग्री जप्त होऊ शकते. जुन्नरच्या गल्लीतल्या केबलवाल्याला हे कलम पाठ होतं. "सह्याद्री पहिल्या दहात ठेवावीच लागते, नाहीतर तहसीलमधून माणूस येतो," असं मला एकाने सांगितलं होतं. मराठीला घरात आरक्षित खुर्ची होती. बसणारा कंटाळवाणा असेल, पण खुर्ची होती.

आता खरी आपली गोष्ट. त्या तारेवर केबलवाल्याने स्वतःची एक वाहिनी सुरू केली. सगळ्याच गावांत असं झालं. आधी त्यावर रात्री सिनेमा लागायचा, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की बातम्या द्याव्यात. पत्रकारितेचा डिप्लोमा घेऊन मी गावाला परतलो तेव्हा पहिली नोकरी अशाच वाहिनीत लागली. पगार सांगण्यासारखा नव्हता आणि वेळेवर तर मुळीच नव्हता. एक कॅमेरा, एक मोटरसायकल, संध्याकाळी अर्ध्या तासाचं बातमीपत्र, सकाळी तेच पुन्हा.

त्या अर्ध्या तासात काय होतं ते ऐका. ओतूरचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा बाजार. कुकडीचं आवर्तन कधी सुटणार. शिवनेरीवरची शिवजयंती, तारखेची आणि तिथीची, दोन्ही. २००१ नंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत बिबट्यांचे हल्ले, कोणत्या शिवारात दिसला, पिंजरा कुठे लावला. खालून पट्टी फिरायची : अमुक यांचा दशक्रिया विधी ओझरला, तमुक यांची गाय चुकली आहे, नळाला उद्या पाणी नाही. मध्येच वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याला शंभर-दीडशे रुपये, तेच आमचं उत्पन्न. पुण्याहून आलेले मित्र हसायचे. पण बिबट्या ज्या शिवारात दिसला त्या शिवारातली माय सात वाजता आमची पट्टी वाचून पोरांना घरात घ्यायची. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

नारायणगावला चैत्राच्या जत्रांआधी तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावची यात्रा कमिटी येते, फड बघते, भाव करते, सुपारी देते. विठाबाई नारायणगावकरांच्या गावाला हे सांगायला नको. पण त्यातली एक गोष्ट बघा : गावाने काय बघायचं ते गाव ठरवतं, भांडून का होईना. आमची केबल वाहिनी त्याच जातीची होती. बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी लोक एसटी स्टँडवर गाठून सांगायचे. एकाच खोलीत, एकाच संचावर, सासू-सून-नातू एकच पट्टी वाचायचे. टीव्ही घरगुती होता तो असा. घरचा आणि घरातला, दोन्ही अर्थांनी.

३० जुलै २०१४ ची माळीणची सकाळ सगळ्यांना आठवते. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही. १५१ माणसं गेली. देशभरचे कॅमेरे आंबेगावात आले आणि आठ-दहा दिवसांत गेले. त्यात त्यांना दोष देत नाही, त्यांना दुसरी बातमी होती. पण वाचलेल्यांची शेड, जमिनीचा शोध, आमडेचं पुनर्वसन, ही बातमी पुढे पावणेतीन वर्षं चालली. नव्या माळीणचं उद्घाटन २ एप्रिल २०१७ ला झालं. त्या मधल्या काळात घोडेगाव-मंचरचे स्थानिक बातमीदार कॅमेरा घेऊन चढत-उतरत राहिले.

आणि नेमक्या त्याच काळात ही वाहिनी मेली. कशी, ते सांगतो, कारण लोक म्हणतात मोबाइलने मारली. अर्धंच खरं आहे. जुन्या केबलवर गावातला चालक स्वतःच्या खोलीतून स्वतःची वाहिनी तारेत सोडू शकायचा. मग केंद्राने टप्प्याटप्प्याने डिजिटल सेट-टॉप बॉक्स सक्तीचा केला. ग्रामीण भागाचा चौथा टप्पा, शेवटची मुदत ३१ मार्च २०१७. डिजिटल झाल्यावर सिग्नल मोठ्या कंपनीच्या पुण्या-मुंबईच्या केंद्रातून बंदिस्त होऊन येतो. गावच्या चालकाला त्यात आपलं काही घालायचं तर कंपनीकडे जागा मागायची, तिचे पैसे भरायचे. शंभर रुपयांच्या वाढदिवसावर चालणाऱ्या वाहिनीने ते कुठून भरायचे? दुसरीकडे ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा फुकट झाला. सहा-सात महिन्यांत वरूनही दाब, खालूनही दाब. चित्र स्वच्छ झालं, वाहिन्या शेकड्याने वाढल्या, आणि त्यातून जुन्नर गायब झालं. डिजिटायझेशनचे फायदे सांगणाऱ्या एकाही जाहिरातीत हा तोटा नव्हता.

आता ओटीटी. मी त्याच्या विरोधात नाही, घरात दोन ॲपचे पैसे भरतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी सिनेमा २०२१ मध्ये नेटफ्लिक्समुळे मी जुन्नरमध्ये बसून पाहिला, आपल्याकडे तो थिएटरला लागला नसता. फक्त मराठीसाठीचं ॲपही त्याच वर्षी निघालं. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात 'वेव्ह्ज' हे आपलं ॲप सुरू केलं, जुन्या मालिका तिथे आहेत. सह्याद्रीने यूट्यूबवर बरंच जुनं टाकलंय, जरूर बघा. डीडी फ्री डिश आहे, एकदा छत्री बसवली की महिन्याचा खर्च नाही, आदिवासी पट्ट्यात तीच चालते.

पण केबलच्या कायद्यातलं ते आठवं कलम ॲपला लागू नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ओटीटीसाठी वयाचे गट आहेत, तक्रारीची तीन पायऱ्यांची यंत्रणा आहे. म्हणजे काय दाखवू नये याचा विचार झालाय. काय दाखवलंच पाहिजे, कोणत्या भाषेला जागा ठेवली पाहिजे, नव्या टीव्हीच्या पहिल्या पडद्यावर काय दिसलं पाहिजे, यावर एक ओळ नाही. न्यायालयाने जनतेच्या म्हटलेल्या लहरी सोडून टीव्ही इंटरनेटच्या तारेत गेला आणि जनतेची खुर्ची वाटेतच राहिली.

बाहेर काय चाललंय? युरोपने २०१८ मध्ये नियम केला की मागणीनुसार चालणाऱ्या सेवांच्या यादीत किमान ३० टक्के युरोपीय निर्मिती हवी. कॅनडाने एप्रिल २०२३ मध्ये कायदा केला आणि २०२४ मध्ये मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांना तिथल्या कमाईचे ५ टक्के देशी निर्मितीसाठी भरायला सांगितले. त्या पैशात फ्रेंच भाषा, आदिवासी समाज आणि चक्क स्थानिक बातम्या यांचा वाटा धरला. कंपन्या कोर्टात गेल्या, तो भाग वेगळा. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात स्मार्ट टीव्हीवर बीबीसीसारख्या सार्वजनिक वाहिन्यांची ॲप ठळक जागी ठेवायची तरतूद केली. हे काही गरीब किंवा बंदिस्त देश नाहीत. आणि कॅनडातल्या फ्रेंचभाषकांपेक्षा आपण मराठी माणसं कितीतरी पट जास्त आहोत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. रिमोटवर अभिजाताचं बटण नाही.

यात एक धोका आहे आणि तो मला स्वतःला आहे, म्हणून तो लपवून पुढे जात नाही. केंद्राने १० नोव्हेंबर २०२३ ला केबल कायद्याच्या जागी आणायच्या नव्या प्रसारण विधेयकाचा मसुदा काढला होता. २०२४ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली तेव्हा गदारोळ झाला, कारण यूट्यूबवर चालू घडामोडींवर बोलणारा एकटा माणूससुद्धा त्या कक्षेत येईल अशी भीती होती. म्हणजे मी. ऑगस्टमध्ये तो मसुदा मागे घेतला गेला, ते बरंच झालं. देशी टीव्ही वाचवायच्या नावाखाली गावचा बातमीदार नोंदणीच्या कचाट्यात जात असेल तर मला ते संरक्षण नको. ज्यांच्या हातात पडदा आहे त्यांच्यावर जबाबदारी टाका : टीव्ही बनवणारे, ॲप चालवणारे, सिग्नल विकणारे. स्मार्ट टीव्हीच्या पहिल्या पडद्यावर राज्यभाषेतल्या सार्वजनिक सेवेला जागा द्या. आणि डिजिटल केबलमध्ये तालुक्याच्या एका वाहिनीसाठी फुकट किंवा नाममात्र दरात जागा ठेवा. एवढी छोटी मागणी आपल्या आमदार-खासदारांनी एकदा तरी मांडली का, ते तुम्हीच आठवून बघा.

बाजार करेल सगळं, असं म्हणणाऱ्यांना ती मघाची सात वर्षं आठवून देतो. मराठीला सात वर्षं लागली. जुन्नरला किती लागतील?

आता कामाचं. २००० ते २०१७ मधल्या आपल्या दोन तालुक्यांच्या केबल बातम्या व्हीएचएस आणि छोट्या डिजिटल कॅसेटवर आहेत. म्हणजे होत्या. आम्ही काम केलं ती वाहिनी बंद झाली तेव्हा गोण्या भरून कॅसेट कुणी कुठे नेल्या याचा माग मी काढतोय, आतापर्यंत दोन कपाटं सापडली. एकातल्या कॅसेटला पांढरी बुरशी आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हा चालू मशीन मिळणं हेच आता अवघड. पुण्यात १९६४ पासून चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, ते सिनेमासाठी. गावच्या केबलच्या कॅसेटला कुणी वाली नाही. नाणेघाटातला नागनिकेचा लेख दोन हजार वर्षांनी वाचता येतो आणि २००५ ची जुन्नरची ग्रामसभा वाचता येत नाही, अशी आपली तऱ्हा.

तर ज्यांच्या घरी, दुकानाच्या माळ्यावर, जुन्या केबल ऑफिसात अशा कॅसेट असतील त्यांनी कृपया फेकू नका. बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका, टेप तुटते आणि मशीनचं हेडही जातं. कोरड्या जागी उभ्या ठेवा, उन्हात टाकू नका. लेबलवर तारीख असेल तर तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, शाई आधी उडते. चालू व्हीसीआर कुणाकडे असेल तर तेही सांगा. खाली कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव आणि कॅसेट किती एवढं लिहा, बाकी मी इनबॉक्समध्ये विचारतो. ओतूर आणि घोडेगावची मंडळी, तुमच्याकडे नक्की असणार. तुमच्या जत्रांचं शूटिंग आम्हीच करत होतो.